किल्ली कोणाच्या हातात?

मंडळी, वीस-बावीस वर्षांची मुलं क्रिप्टोकडे, म्हणजे बिटकॉइनसारख्या इंटरनेटवरच्या नाण्यांकडे, का वळतात, असं विचारलं की "झटपट पैसा हवाय, दुसरं काय?" असं म्हणून आपण मोकळे होतो. मोह आहेच. पण मोह मटक्यातही होता, शेअर बाजारातही आहे. मग या मुलांनी नेमकं हेच का धरलं?

पहिलं कारण अगदी साधं आहे. मुंबईत नव्यानं नोकरीला लागलेल्या मुलाच्या आवाक्यात घर नाही, आणि एफडीचं व्याज महागाईच्या मागे धावूनच दमतं. एका बिटकॉइनचे मात्र दहा कोटी भाग पडतात. त्यातल्या एका भागाला सातोशी म्हणतात. त्यामुळे शंभर-दोनशे रुपयांचंही घेता येतं. शेअर बाजार सव्वानऊला उघडतो, साडेतीनला बंद होतो; तेव्हा हा मुलगा कामावर असतो. रात्री अकराच्या बदलापूर लोकलमध्येही त्याच्यासाठी हा बाजार उघडा असतो.

रात्रीच्या या खरेदी-विक्रीचा हिशेब मात्र पुष्कळांनी केलेला नसतो. १ जुलै २०२२ पासून प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. भाव जागचा हलला नाही असं धरा आणि तेच दहा हजार पुन्हा पुन्हा फिरवा. ६९ विक्रींनंतर हातात निम्मेच उरतात. बाकीचे बुडत नाहीत, पण विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत अडकून पडतात. दुसरा फटका याहून जोरदार आहे. नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. एका नाण्यात पाच हजार मिळाले, दुसऱ्यात पाच हजार गेले. मुलगा म्हणतो, बरोबरी झाली. कायदा तसं मानत नाही. तोटा वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. कर १,५६० रुपये भरायचाच. हा नियम मला अन्यायाचा वाटतो, पण तो आहे.

आता दुसरं कारण. मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. ही पिढी शाळेत असताना ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली आणि घरातल्या पाचशे-हजाराच्या नोटा चालेनाशा झाल्या. २०१९ च्या सप्टेंबरात मुंबईतल्या एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला खात्यातून जेमतेम हजार रुपये काढता येत होते. शाखेबाहेर रडणारी म्हातारी माणसं या मुलांनी पाहिली. ठेवींचं विमा-संरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेलं ते फेब्रुवारी २०२० मध्ये. नोट सरकारची, खातं बँकेचं, मग माझं स्वतःचं काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. आजीनं दर पाडव्याला गुंज-गुंज सोनं घेऊन डब्यात ठेवलं, ते याच प्रश्नापायी. बिटकॉइन एकूण दोन कोटी दहा लाखच निघणार, कोणी मनात आणलं म्हणून जास्त छापता येणार नाही, हे ऐकल्यावर नातवाला त्यात सोनं दिसतं.

पण नातवाचा डबा त्याच्या कपाटात नाही. अ‍ॅपवर घेतलेलं नाणं एक्स्चेंजच्या, म्हणजे ही खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या, ताब्यात असतं. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक आपली. इथे आपली किल्ली नसतेच. जुलै २०२४ मध्ये भारतातल्या एका मोठ्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांचे पैसे काढणं थांबलं. तिथे पाच लाखांचा विमाही नव्हता.

खरा ताबा हवा तर स्वतःचं वॉलेट हवं, म्हणजे किल्ली आपल्याच हातात ठेवणारं पाकीट. ते उघडताना बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द मिळतात, २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले. तीच किल्ली. शब्द क्रमानं, पेनानं, कागदावर लिहा, दोन प्रती करून दोन ठिकाणी ठेवा. स्क्रीनशॉट घेऊ नका. तो गुपचूप क्लाउडवर चढतो आणि ईमेल फुटला की किल्लीही गेली. नंतर वॉलेट रिकामं असतानाच पुसून टाका आणि कागदावरून परत उभं करा. उभं राहिलं तरच पैसे पाठवा, आणि तेही आधी थोडे. पाठवताना नेटवर्क, म्हणजे नाणं कोणत्या वाटेनं जाणार ते, नीट पाहा. इथेरियम आणि पॉलिगॉन या दोन नेटवर्कांवर पत्ता सारखाच दिसतो, त्यामुळे चुकीचं निवडलं तरी अ‍ॅप अडवत नाही. समोरचं एक्स्चेंज ते नेटवर्क घेत नसेल तर पैसे खात्यात दिसतच नाहीत. आणि उलटा व्यवहार करून देणारा शाखाधिकारी इथे नाही.

एक गोष्ट तरुण मुलं ऐकूनच घेत नाहीत, म्हणून जरा जोर देऊन सांगतो. बँकेत वारसाचं नाव लावता येतं. या बारा शब्दांना वारस लावायचा फॉर्म नाही. माणूस गेला आणि कागद सापडला नाही, तर नाणी नेटवर्कच्या उघड्या नोंदवहीत सगळ्यांना दिसत राहतात, हलवता कोणालाच येत नाहीत. शब्द घरात कोणाला सांगू नका, पण कागद कुठे आहे हे एका माणसाला माहीत असू द्या. आजीचा डबा तांदळाच्या कोठीत तळाशी आहे, हे घरातल्या एका सुनेला ठाऊक असायचंच.