एएनएम, जीएनएम की बीएस्सी नर्सिंग? फॉर्म भरण्याआधी हे बघा

नमस्कार. बारावीचा निकाल लागला की मला एकाच प्रश्नाचे फोन यायला लागतात. "मॅडम, मुलीला नर्सिंगला घालायचंय, लवकर संपणारा कोर्स कुठला?" विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात, नाहीतर मामा. मुलीचा आवाज मागून येतो, फोन तिच्या हातात नसतो. आजचा व्हिडिओ त्या मुलीसाठी आहे. वडिलांनीही शेजारी बसून बघावा.

लवकर संपणारा म्हणाल तर एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ (मिडवाइफ म्हणजे बाळंतपण करणारी). दोन वर्षं. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, तीन वर्षं आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षं. बहुतेक जण इथेच फोन ठेवतात आणि फॉर्म भरतात. माझं म्हणणं एवढंच, की वर्षं मोजायच्या आधी काम बघा, कारण एएनएमचं काम आणि जीएनएमचं काम ही दोन वेगळी कामं आहेत.

(स्क्रीनवर: एएनएम – गावातलं काम)

एएनएम म्हणजे उपकेंद्रावरची, गावातल्या छोट्या सरकारी आरोग्य केंद्रावरची नर्स. सपाट भागात साधारण 5000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र धरतात, डोंगराळ आणि आदिवासी भागात 3000 मागे. गरोदर बायांची तपासणी, बाळंतपण, लसीकरण, घरभेटी आणि रजिस्टरं. रजिस्टरं खूप, हे आत्ताच सांगून ठेवते.

लसीकरणाच्या दिवशीची एक गोष्ट दाखवते. हा आईस पॅक. फ्रीझरमधून काढला आणि भरला लस कॅरिअरमध्ये, म्हणजे लस थंड ठेवून न्यायच्या डब्यात, असं करायचं नसतं. तो आधी बाहेर ठेवायचा. त्याला घाम फुटू द्यायचा. मग कानाशी धरून हलवायचा, आत पाण्याचा आवाज आला की भरायचा. कारण पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस) किंवा हिपॅटायटिस बीची लस एकदा गोठली की वाया गेली. लस 2 ते 8 अंशांतच राहिली पाहिजे. उष्णता जास्त झाली का, हे कुपीवरच्या खुणेवरून कळतं. छोटं वर्तुळ आणि त्यात चौकोन. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी वापरायची नाही.

आता डोळ्यांसमोर आणा. अंगणवाडीत बाया बाळं घेऊन बसल्यात. कुणाचं दीड महिन्याचं, कुणाचं अडीच, कुणाचं साडेतीन, एकाला 9 महिने पूर्ण झालेत म्हणून गोवर-रुबेलाची लस. आशा ताई नावं पुकारतेय. डॉक्टर तिथे नाहीत. ही कुपी वापरायची की बाजूला ठेवायची, हे एएनएमनेच ठरवायचं. एएनएमला "छोटी नर्स" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यांनी एकदा पावसाळ्यात अशा सत्राला जाऊन बसावं.

म्हणून ज्या मुलीला गावात, बायाबापड्यांत काम करायचंय, आई आणि बाळ हाच आपला विषय असं वाटतं, तिने एएनएम जरूर करावं. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. जिल्हा परिषदेची आरोग्य सेविकेची, म्हणजे एएनएमच्या पदाची, भरती दरवर्षी निघेलच असं नाही, आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातली पदं कंत्राटी असतात. दुसरं, मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून एएनएम चालत नाही. खासगी दवाखाने कामावर घेतात, रात्रपाळ्याही देतात, पण पगार आणि हुद्दा स्टाफ नर्सचा देत नाहीत. दोन वर्षांत कमावती होईल म्हणून एएनएमला घातलेल्या मुली इथेच अडकतात.

मुलांसाठी लगेच सांगते: एएनएमला फक्त मुलींना प्रवेश आहे. जीएनएम आणि बीएस्सी तुम्हालाही खुलं आहे, आणि तुमची गरज आहे.

(स्क्रीनवर: जीएनएम आणि बीएस्सी – वॉर्डातलं काम)

हे दोन्ही कोर्स नोंदणीकृत नर्सचे. दोन्हींनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत तुमची नर्स आणि मिडवाइफ म्हणून नोंदणी होते. वॉर्डात उभ्या राहिलात की कोण जीएनएम आणि कोण बीएस्सी, हे पेशंटला कळत नाही, ड्युटीही तीच. रात्रपाळीला आलात की आधी ओव्हर घ्यायचा, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून प्रत्येक पेशंटची माहिती घ्यायची, खाटेजवळ उभं राहून, केस पेपर हातात घेऊन. डॉक्टरांनी पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय. ते कधीच सरळ शिरेत द्यायचं नाही, सलाईनमध्ये पातळ करून, वेग ठरवून, सावकाश द्यायचं. वेगात गेलं तर हृदय थांबू शकतं. म्हणून अँप्यूल फोडण्याआधी दुसऱ्या सिस्टरला दाखवायचं, तिने नाव आणि मात्रा वाचायची, दोघींनी सही करायची. तीन वर्षं असो वा चार, त्यात हेच शिकायचं असतं. ते सहा महिन्यांत येत नाही.

सरकारी नोकरीत राज्याच्या अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्सच्या पदाला जीएनएम आणि बीएस्सी दोन्ही चालतात, मूळ वेतन 35,400 पासून. एम्सची नॉरसेट ही नर्स भरतीची परीक्षा बीएस्सीवाल्यांना थेट देता येते, जीएनएमला आधी किमान 50 खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो. तिथे मूळ वेतन 44,900 पासून आहे.

मग बीएस्सीच का नाही? कारण बीएस्सीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, खुल्या प्रवर्गाला त्यात 45 टक्के, आणि राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा. जीएनएमला कुठलीही शाखा चालते, इंग्रजी विषय आणि 40 टक्के हवेत.

आता नीट ऐका. अकरावीला आर्ट्स घेतलं म्हणून बीएस्सी कायमची गेली, असं नाही. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी आहे. त्याच्या आधी किंवा नंतर एक वर्ष काम केलेलं असेल, तर पुढे एमएस्सी नर्सिंग. आर्ट्सची मुलगी याच वाटेने नर्सिंग कॉलेजात शिकवायला येऊ शकते. माझ्यासोबत शिकवणाऱ्यांमध्ये अशा आहेत.

पण एएनएमवरून वर चढायचं असेल तर हिशेब बदलतो. एएनएम झाल्यावर जीएनएम करता येतं, पण पहिल्या वर्षापासून. आधीची दोन वर्षं त्यात धरत नाहीत.

(स्क्रीनवर: थेट बीएस्सी 4 वर्षं. जीएनएम आणि पोस्ट बेसिक 5 वर्षं. एएनएम, जीएनएम आणि पोस्ट बेसिक 7 वर्षं.)

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. सायन्स असेल आणि सीईटीतून सरकारी कॉलेज मिळत असेल तर बीएस्सी. सायन्स नसेल, किंवा तीन वर्षांत घरी पगार यायलाच हवा असेल, तर जीएनएम, आणि पोस्ट बेसिक नोकरी लागल्यावर. खासगी बीएस्सीसाठी शेत गहाण टाकायला मी कुणालाच सांगणार नाही. फीचं म्हणाल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज करा. शिवाय ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ करण्याचा निर्णय राज्याने 2024 मध्ये घेतला. त्यासाठी प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. तुमचा कोर्स आणि कॉलेज त्यात बसतं का, हे फी भरण्याआधी विचारा.

परदेशाबद्दल थोडक्यात. इंग्रजी व्हिडिओंमध्ये प्रॅक्टिकल नर्स आणि रजिस्टर्ड नर्स अशी तुलना असते, आणि मुली मला विचारतात की प्रॅक्टिकल नर्स म्हणजे आपली एएनएम का. नाही. अमेरिकेतली प्रॅक्टिकल नर्स साधारण वर्षभर शिकून रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात पेशंटच्या खाटेजवळ काम करते, आणि तिथे रजिस्टर्ड नर्स व्हायचे जोडकोर्सही असतात. आपली एएनएम माता-बाल आरोग्यासाठी घडवलेली आहे. त्या भरवशावर तिकडे जायची स्वप्नं दाखवणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. अमेरिकेची एनक्लेक्स-आरएन ही रजिस्टर्ड नर्सची परवाना परीक्षा असो की जर्मनी, इथल्या शिक्षणावर तिथे नर्स व्हायला जीएनएम किंवा बीएस्सीच लागतं. महाराष्ट्राने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत, पण जर्मन भाषा शिकल्याशिवाय तिकडे काम मिळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक तालुक्याला बोर्ड दिसतात: "दहावी पास, सहा महिन्यांत नर्स, शंभर टक्के नोकरी." तो कोर्स रुग्ण सहायकाचा असू शकतो. ते काम प्रामाणिक आहे, पण ती नर्स नव्हे. परिषदेत नोंदणी होत नसेल तर ते प्रमाणपत्र नर्सच्या कुठल्याच सरकारी भरतीला चालत नाही. पैसे भरण्याआधी कॉलेजात जा आणि विचारा: परिषदेची मान्यता या वर्षाची आहे का? बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे का? तुमचं स्वतःचं रुग्णालय कुठलं? मग त्या रुग्णालयात जा. खाटांवर पेशंट आहेत का बघा. वॉर्डात एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असावेत असं प्रमाण ठरलेलं आहे. खाटा रिकाम्या आणि चादरी कडक इस्त्रीच्या दिसल्या तर तिथे इंजेक्शन द्यायला शिकवणार कुणावर? शेवटच्या वर्षाच्या मुलींना गेटबाहेर गाठा आणि विचारा, किती बाळंतपणं स्वतःच्या हाताने केलीत. त्या खरं सांगतील.

जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि अधिवास यासाठी आजच सेतूत अर्ज टाका, आणि पडताळणीसाठी जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे, फेरी सुरू झाल्यावर तिथे रांग असते. मूळ कागदपत्रं कॉलेजात दिलीत तर पोच घ्या. कुठे अडलं तर कमेंटमध्ये तुमची शाखा, टक्के आणि जिल्हा लिहा, मी एकेकीला उत्तर देते.