तीन बाटल्या

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्यात मी रक्त तपासण्याचं काम करते. जांभळी नाक्यावर भाजी विकणाऱ्या एक मावशी एकदा तीन बाटल्या घेऊन आल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, त्यावर लिहिलेलं : सकाळ, दुपार, रात्र. म्हणाल्या, "डॉक्टर, पोराची लघवी आहे. सकाळची बघा, कोऱ्या चहासारखी. दुपारपर्यंत निवळते. सगळे कावीळ म्हणतात. माळ घातली, उसाचा रस पाजला. पण कावीळ रोज दुपारी उतरते होय?"

पोरगा बावीस वर्षांचा, हिमोग्लोबिन अवघं ६. दुसऱ्या दिवशी सकाळची ताजी लघवी मागवली, मशीनमध्ये फिरवली. लघवीत रक्त असेल तर लाल पेशी तळाशी बसतात. इथे तळाशी काहीच नाही, रंग मात्र वर तसाच. म्हणजे लाल पेशी अंगातच फुटत होत्या, आणि त्यांच्यातलं हिमोग्लोबिन लघवीत उतरत होतं!

त्या का फुटाव्यात? आपल्या रक्तात जंतूंना भोकं पाडणारी कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात. ती थोडी थोडी सतत जागी होत असतात. आपल्या पेशी वाचतात त्या अंगावरच्या सीडी ५५ आणि सीडी ५९ या दोन प्रथिनांमुळे. ५५ हल्ला सुरुवातीलाच मोडतं, ५९ शेवटचं भोक पडू देत नाही. लक्षात ठेवा, ५५ आणि ५९. दोन्ही पेशीला एकाच प्रकारच्या, जहाजाला असतो तशा नांगराने धरून असतात. तो नांगर घडवायला लागणारं पिगा हे जनुक हाडांच्या मज्जेतल्या, रक्त घडवणाऱ्या एका मूळ पेशीत बिघडलं, की तिच्या वंशातल्या साऱ्या पेशी उघड्या पडतात. रात्रभर साठलेली लघवी घट्ट, म्हणून रंग सकाळी दिसतो. या आजाराचं नाव पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया, थोडक्यात पीएनएच. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींवरची प्रथिनं शोधणाऱ्या तपासणीत, पोराच्या पेशींवर ५५ नव्हतं, ५९ ही नव्हतं.

  

औषध आहे. अमेरिकेत २००७ साली मंजूर झालेलं एक्युलिझुमॅब कॉम्प्लिमेंटमधल्या सी ५ या प्रथिनाला अडवतं, पेशी फुटायच्या थांबतात. पण ते फार महाग आहे, आणि त्याआधी मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जंतूविरुद्धची लस घ्यावीच लागते. या आजारात रक्ताच्या गुठळ्याही होतात. पोट एकाएकी फार दुखलं, तर घरी थांबू नका.

मावशींनी निघताना विचारलं, "त्याच्या लेकरांना होईल का हो?" नाही, मावशी. हा बिघाड त्याला तुमच्याकडून आला नाही, आणि त्याच्याकडून लेकरांना जाणार नाही.