गळालाही नियम हवा

(दृश्य: गंगापूर धरणाचा काठ, पहाट)

नाशिकला समुद्र नाही. तरीही धरणाच्या काठावर रॉड फेकण्याचा सराव करणारी ही हौशी मासेमार मंडळी मनाने खाऱ्या पाण्याची आहेत. भरती साधायची असल्याने त्यांच्या निघण्याचा दिवस तिथी पाहून ठरतो आणि त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड असा घाटरस्ता उतरून ती पालघरचा किनारा गाठतात. धरणावर निदान कोणाला विचारायचे हे ठाऊक असते, कारण जलाशयातील मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो आणि संस्थेने होकार दिला की काम होते. समुद्रावर मात्र विचारायचे कोणाला, येथूनच अडचण सुरू होते.

(दृश्य: खडक, भरतीचे पाणी, मोजपट्टीवरील रावस)

हा रावस नीट पाहा. ओल्या फडक्यावर घेऊन त्याच्या ओठातला गळ पक्कडीने सोडवला, कल्ल्यांना बोट लागू दिले नाही, पट्टीवर मोजला. आणि लहान निघाला म्हणून दोन्ही हातांनी पाण्यात धरून, शेपूट जोराने हलेपर्यंत थांबून, सोडून दिला. हे त्यांच्याकडून कोणी सक्तीने करवून घेतलेले नाही.

(दृश्य: बंदरात ओढून ठेवलेल्या नौका)

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 सालचा आहे आणि त्याची सारी बांधणी नौकेभोवती झालेली आहे: नौकेची नोंदणी, तिचा परवाना, तिचे जाळे, तिचे क्षेत्र. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंत, राज्याचा अधिकार चालतो. 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते; माशांच्या प्रजननाचा आणि खवळलेल्या समुद्राचा हा काळ असल्याने या बंदीबद्दल नाशिकच्या मंडळींची तक्रार नाही. पूर्वी नियमभंगाची प्रकरणे तहसीलदारांसमोर चालत. 2021 च्या दुरुस्तीने ते अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आले आणि एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करणाऱ्यांसाठी दंडाची रक्कम लाखांत गेली. पालघर जिल्ह्यातील सातपाटीच्या मच्छीमारांनी ज्या पापलेटसाठी वर्षानुवर्षे आवाज उठवला, त्याला 2023 मध्ये राज्य माशाचा मान मिळाला, आणि त्याच वर्षी 54 प्रजातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवण्यात आले. हे सारे योग्यच झाले, आणि खरे तर उशिरा झाले. परंतु एवढ्या तपशिलात खडकावर उभा राहून एका गळाने मासा धरणारा माणूस कोठे बसतो, हे या मंडळींना आजवर कोणी लेखी सांगितलेले नाही.

(दृश्य: नाशिकमधील मासळीचा बाजार, बर्फावरील पापलेट)

पापलेटसाठी ठरलेले किमान आकारमान 135 मिलिमीटर आहे. या ढिगातील मासे पट्टीला लावून पाहिले, तेव्हा त्यातील कित्येक त्याच्या आतच राहिले. पापलेट सहसा गळाला लागत नाही, तो जाळ्यात येतो. त्यामुळे हौशी मंडळींचा यात काही संबंध नाही, आणि दोष या विक्रेत्या मावशींचाही नाही, कारण त्यांच्यापर्यंत माल पोहोचेपर्यंत तो बंदर, लिलाव आणि बर्फाची गाडी अशा तीन ठिकाणांहून आलेला असतो. जेथे मोजायला हवे तेथे कोणी मोजत नाही, याचीच या मंडळींना चीड आहे.

(दृश्य: छोटी होडी, किनाऱ्यावरील बोलणे)

खोल पाण्यात जायचे तर पेच आणखी वाढतो. मासेमारी नौकेचा परवाना मासेमारीचा असतो, प्रवासी नेण्याचा परवाना वेगळा आणि त्याचे कार्यालयही वेगळे. पैसे घेऊन चार हौशी माणसांना गळ टाकायला नेणारा नाखवा, म्हणजे होडी चालवणारा, या दोहोंच्या मधोमध सापडतो. म्हणून तो एक तर नकार देतो किंवा जबाबदारी न घेता नेतो. मंडळींनी विचारणा केली तेव्हा एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवले. गटातील काहींनी आता किनाऱ्याकडे जाणे सोडून दिले आहे.

(दृश्य: कागदावर लिहिले जाणारे निवेदन)

त्यांची मागणी सवलतीची नाही. वर्षाचे शुल्क भरून मिळणारा हौशी मासेमारीचा परवाना असावा, एका दिवसात किती मासे ठेवता येतील याला मर्यादा असावी, ठरलेल्या आकाराखालचा मासा पाण्यात सोडणे त्यांनाही बंधनकारक असावे, आणि नाखव्याला अशा फेऱ्यांसाठी स्पष्ट परवानगी मिळावी, जेणेकरून पावसाळी बंदीनंतर किनाऱ्यावरील घरात चार पैसे अधिक येतील. निवेदनाचा हा मसुदा नाशिकमधील मत्स्यव्यवसाय कार्यालयामार्फत पुढे पाठवायचा, असे मंडळींनी ठरवले आहे.