देवाने पाणी भरलं त्या गावातून

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, वेबसाइटसाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्याकडे म्हणतात. मी परभणीची, राहते जर्मनीत; म्हणजे म्हणीची दोन्ही टोकं माझी गाठून झाली. परभणीच्या माणसाला विचारा, काहो, हे खरंय का? तो हसेल, पण खोटं आहे असं काही केल्या म्हणणार नाही. कार्यकारिणीने मला विषय दिलाय ‘साहित्य-माध्यमांतली कल्पना आणि वास्तव’. विषय ऐकून आधी धसका घेतला. मग वाटलं, मराठवाड्याच्या माणसाला यासाठी लांब जायची गरज नाही, पैठणपर्यंत गेलं तरी पुरे.

पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. ‘गाथासप्तशती’ या राजघराण्यातल्या हाल राजाच्या नावावर आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा. त्यात शेत आहे, नांगर आहे, गोदावरीचा काठ आहे, नवरा परगावी गेलेल्या बाया आहेत. आज वाचल्या तरी शेजारच्या वाड्यात डोकावल्यासारखं वाटतं. आणि सातवाहनांच्याच दरबाराशी गुणाढ्याचं नाव जोडलेलं आहे. त्याची ‘बृहत्कथा’ म्हणजे विद्याधर, यक्ष, आकाशातून उडणारे राजपुत्र यांचा नुसता महापूर. मूळ ग्रंथ हरवला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, त्यातून आपल्याला तो कळतो. म्हणजे वास्तवाचं आणि अद्भुताचं, दोन्ही घराण्यांचं माहेर एकच.

गुणाढ्याची गोष्ट सोमदेव सांगतो ती अशी. त्याने रानात बसून सात वर्षांत सात लाख श्लोक लिहिले, ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेत. शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्ताने. पोथी राजाकडे पाठवली. राजाने नाक मुरडलं: भाषा पिशाचांची, अक्षरं रक्ताची, न्या परत. गुणाढ्याने अग्निकुंड पेटवलं. एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. भोवती हरणं, डुकरं, रेडे जमले. चरणं सोडून ऐकत उभे राहिले, डोळ्यांतून पाणी.

इथवर सगळं अद्भुत. आता पुढे बघा. तिकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, खाण्यात सुकलेलं मांस येतंय. आचाऱ्यांना बोलावलं, त्यांनी शिकाऱ्यांकडे बोट दाखवलं. शिकारी म्हणाले, महाराज, आम्ही काय करणार, डोंगरावर एक ब्राह्मण पोथी वाचतोय, जनावरं उपाशी उभी राहून ऐकतायत, अंगावर मांस राहीलच कसं? राजा धावला, तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख वाचले.

मला या गोष्टीतला सगळ्यात हुशार माणूस गुणाढ्य वाटत नाही, तो आचारी वाटतो. जनावरं गोष्ट ऐकून रडतात, हे ज्याने कल्पिलं त्याच्या हेही ध्यानात आलं की रडणारं जनावर चरत नाही, न चरणारं वाळतं, आणि ते शेवटी कुणाच्या तरी ताटात येतं. चमत्कार एकदा मान्य करून घेतला की पुढचा हिशोब चोख. आमच्याकडचं अद्भुत असंच आहे. वेरूळच्या कैलासाचीही अशीच दंतकथा आहे: राणीचा पण, कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. मंदिर पायापासून बांधायचं तर राणी जगते कशी? तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या शिल्प्याने डोंगर वरून खाली कोरायला घेतला. राणीचा उपास मानायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण कैलास खरोखरच वरून खाली कोरलेला आहे.

आणि नाथांचा रांजण. एकनाथ महाराजांच्या वाड्यात देव श्रीखंड्या नावाचा गडी होऊन राहिला, बारा वर्षं गंध उगाळलं आणि कावडीने गोदावरीचं पाणी वाहिलं. आजही तुकाराम बीजेला रांजणाची पूजा होते, मग लोक घागरी ओततात. ज्याच्या घागरीने रांजण भरून वाहतो, त्याच्या रूपाने श्रीखंड्या आला असं मानतात. आता विचार करा, देव घरी आलाय, त्याच्याकडून माणसं काय करून घेतात? सोन्याचा पाऊस नाही पाडायला लावत. पाणी भरायला लावतात! ज्या मुलखात घरातल्या बाईची अर्धी सकाळ पाण्यात जाते, तिथलं स्वप्न भरलेला रांजण हेच असणार. मराठवाड्याबद्दल एवढं नेमकं सांगणारा अहवाल माझ्या तरी वाचनात नाही.

त्याच पैठणला पुढे जायकवाडी धरण झालं. १९६५ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. साठा शंभर टीएमसीच्या, म्हणजे शंभर अब्ज घनफुटांच्या वर. जलाशयाचं नाव नाथसागर. रांजणच तो, सरकारी मापाचा.

आता वास्तवाकडे येते, म्हणजे टीव्हीवर ज्याला वास्तव म्हणतात त्याकडे. उन्हाळा लागला की आमच्याकडे कॅमेरे येतात. भेगाळलेली जमीन, डोक्यावर हंडे घेतलेली बाई, हाताचा आडोसा करून आभाळाकडे बघणारा म्हातारा. तुम्ही इथे बसून दरवर्षी हे बघता, मीही बघते आणि गलबलते. यातलं एकही चित्र खोटं नाही. पण कॅमेरा जरा बाजूला वळवला असता तर काही ठिकाणी उभा ऊस दिसला असता, हिरवागार, आणि पलीकडे कारखान्याचं धुराडं. मग प्रश्न आला असता की पाणी गेलं कुठे, कुणाला किती मिळालं. आभाळाकडे बघणारा म्हातारा दाखवला की तो प्रश्नच उरत नाही, दोष आभाळाचा. श्रीखंड्याच्या गोष्टीत निदान पाणी कुठून आलं आणि कुणी वाहिलं एवढं तरी सांगितलेलं आहे.

उलटं उदाहरणही आहे. एप्रिल २०१६मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आलं. मिरजेहून, पहिल्या फेरीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. कुठल्या कादंबरीत हे आधी लिहिलं असतं तर आपणच म्हणालो असतो, लेखकाने जरा अतीच केलं.

म्हणून माझं भांडण कल्पनेशी नाही. ‘आटपाट नगर होतं’ म्हणणारा माणूस पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो की बाबांनो, गोष्ट आहे. भांडण आहे ते ‘सत्यघटनेवर आधारित’ अशी पाटी लावून भरजरी शालूतला खेडेगावचा स्वयंपाक दाखवणाऱ्या मालिकांशी, आणि आता कुटुंबाच्या ग्रुपवर येणाऱ्या त्या यंत्राने बनवलेल्या व्हिडिओंशी. परवा एकात वेरूळ बांधणारे उंच राक्षस होते. माझ्या आत्याने खाली लिहिलं, ‘अभिमान वाटतो.’ आत्या, बिचाऱ्या कोकसाचं काय गं?

आता शेवटचं, आणि हे नाटक समितीला. गणपतीसाठी आपल्या मुलांनी जी एकांकिका लिहिली आहे, त्यात हिंगोलीकडच्या एका शेतातलं कोरडं गेलेलं बोअर बोलतं. समितीतल्या दोघांनी ‘हे वास्तवाला धरून नाही’ म्हणून ते काढायला सांगितलंय. दादा, काढू नका. बोलू द्या त्या बोअरला. लेकरांना फक्त एवढं विचारा की ते किती फूट खोल आहे, त्यासाठी बापाने पैसे कुणाकडून उचलले, आणि गाडी कुठली होती. आमच्याकडे बोअर पाडायला येणाऱ्या कितीतरी गाड्यांवर तामिळनाडूची नंबर प्लेट असते, पोरंही तिकडचीच, रात्र-रात्र आपसांत तमिळ बोलत काम करतात. तेव्हा त्या बोअरच्या तोंडी मराठीच्या आधी चार शब्द तमिळ आले तर मला काही वावगं वाटणार नाही. मंडळात तमिळ येणारं कुणी असेल तर त्यांनी तालमीला जरूर या.