तळाशी छापलेला नंबर

(पडद्यावर: अंधारी खोली. टीपॉयवर काचेच्या पेल्यात तीन वातींची मेणबत्ती.)

थंडी पडायला लागली की अमेरिकेत घरोघरी अशी मेणबत्ती पेटते. दालचिनीचा वास, भोपळ्याचा वास, सफरचंदाचा वास. तिथल्या मराठी घरांत ती दिवाळीत पणत्यांच्या शेजारीही दिसते. कुणीतरी भेट दिलेली असते, काच छान असते, म्हणून ठेवलेली असते.

मे 2023 मध्ये टार्गेट या दुकानसाखळीने ‘थ्रेशोल्ड’ नावाने विकलेल्या सुमारे 49 लाख मेणबत्त्या परत मागवल्या. जळता जळता काच तडकत होती, फुटत होती. तोवर 137 तक्रारी आल्या होत्या. किमान सहा जण जखमी झाले होते, कुणाला काच लागली होती, कुणी गंभीर भाजलं होतं. ऑगस्टमध्ये आणखी सुमारे 22 लाख मेणबत्त्या परत मागवल्या गेल्या. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये वॉलमार्टमध्ये विकल्या गेलेल्या ‘मेनस्टेज’च्या तीन वातींच्या सुमारे 12 लाख मेणबत्त्यांची पाळी आली. या वेळी सूचनेत आगीचा धोका स्पष्ट लिहिला होता: मेणबत्ती अपेक्षेपेक्षा जास्त तापते, किंवा ज्योत काचेच्या फार जवळ जळते आणि काच फुटते.

49 लाखांत 137 म्हणजे किती, असं कुणी म्हणेल. पण हे 137 म्हणजे ज्यांनी तक्रार केली तेवढेच. फुटलेली काच गोळा करून, टेबल पुसून गप्प बसलेले लोक यात मोजलेले नाहीत.

(पडद्यावर: ज्योतीचं जवळून चित्रण.)

आता ही ज्योत नीट पाहा. इथे मेण जळत नाही, मेणाची वाफ जळते. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, वात ते वर ओढते, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती पेटते. वात जाड असली की ती जास्त मेण ओढते आणि ज्योत उंच होते. तीन वाती असल्या की त्या एकमेकींना तापवतात. त्यात अत्तराचं तेल आणि रंग मिसळले की मेण वातीतून चढण्याची चाल बदलते. म्हणजे गुलाबाच्या मेणबत्तीत नीट जळणारी वात दालचिनीच्या मेणबत्तीत तशीच जळेल, असं नाही. प्रत्येक वासासाठी, प्रत्येक पेल्यासाठी चाचणी नव्याने घ्यावी लागते. हे काम किचकट आहे, वेळ खातं, आणि ग्राहकाला ते कधीच दिसत नाही.

काचेचं दुखणं आपल्याला ओळखीचं आहे. थंड पेल्यात उकळता चहा ओतला की पेला तडकतो, म्हणून आधी चमचा ठेवायची सवय कितीतरी घरांत आहे. काचेचा एक भाग तापून पसरतो, शेजारचा थंडच राहतो, आणि त्या ओढाताणीत ती फुटते. वात मधोमध न बसता काठाकडे सरकली असेल, तर ज्योत तासन् तास काचेचा एकच भाग तापवत राहते. मेण संपत आलं की ज्योत तळाला जाऊन भिडते. म्हणूनच पेल्यातली मेणबत्ती तळाशी अर्धा इंच मेण उरलं की विझवायची असते.

याहून वाईट प्रसंगही येतो. मेण फार तापलं, किंवा त्यात काडीचा तुकडा पडून तोच दुसरी वात झाला, तर मेणाचा सगळा पृष्ठभाग एकदम पेटू शकतो. अशा वेळी पाणी ओतू नका. कढईतलं तेल पेटल्यावर जे होतं तेच इथे होतं: पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण उडतं. हात सुरक्षित नेता येत असेल तर धातूचं झाकण ठेवा.

मेणबत्तीमुळे लागणाऱ्या बहुतेक आगींना वस्तूतला दोष कारण नसतो, हेही सांगायला हवं. अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या आकडेवारीनुसार 2015 ते 2019 या काळात तिथे मेणबत्त्यांमुळे घरांना दिवसाला सरासरी 20 आगी लागल्या, सर्वाधिक डिसेंबरात. निम्म्याहून जास्त आगींत पडदा, कागद, सजावट असं काहीतरी ज्योतीच्या फार जवळ होतं. पडदा बाजूला सारणं आपल्या हातात आहे. वात किती जाडीची निवडली, काच किती तापेल, हे मात्र दुकानात उभं राहून कुणालाच कळणार नाही. जपून वागणारं माणूसही तिथे हतबल असतं, आणि म्हणूनच माल परत मागवणं महत्त्वाचं ठरतं.

अमेरिकेत हे काम ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग पाहतो. तो 1972 च्या कायद्याने स्थापन झाला. धोक्याची माहिती हाती आल्यावर कंपनीने 24 तासांत आयोगाला कळवायचं असतं. मग सूचना निघते: वापर ताबडतोब थांबवा, तळाशी छापलेला नंबर सूचनेतल्या नंबराशी जुळवून पाहा, पैसे परत घ्या.

पण मेणबत्ती म्हणजे मोटार नव्हे, तिची नोंदणी कुठे होत नाही. बिल हरवलेलं असतं. भेट देणाऱ्याला बातमी कळते, भेट घेणाऱ्याला कळत नाही. कपाटात मागे सरकलेला एखादा पेला चार वर्षांनी, लाइट गेल्यावर, बाहेर निघतो.

भारतातही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. जुलै 2020 पासून. धोकादायक माल परत मागवायचा आदेश ते देऊ शकतं. तक्रारीसाठी 1915 हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

(पडद्यावर: दिवाळीच्या भेटीच्या खोक्यातून निघालेला पेला. हात तो उलटा करतो.)

ही दिवाळीच्या खोक्यात आलेली मेणबत्ती. समोर सोनेरी अक्षरांत ‘शुभ दीपावली’. तळाशी बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, तारीख नाही, नंबर नाही. यातली वात चुकीची निघाली, तर कुणी कुणाला कळवायचं?

(हात पेला सरळ ठेवतो. काडी पेटत नाही.)