धुऱ्यावरची अमरवेल

नमस्कार श्रोतेहो.

थंडी पडायला लागली की नागपुरातून काटोलकडे किंवा उमरेडकडे जाताना एक दृश्य हमखास दिसतं. वावराच्या धुऱ्यावर बोरीचं झाड, आणि त्यावर पिवळ्या दोऱ्यांचं गुंताडं. हळदीच्या पाण्यात बुडवलेलं सूत कुणी झाडावर भिरकावून द्यावं, तसं. ना पान, ना जमिनीत मूळ. हीच अमरवेल. कुणी तिला आकाशवेलही म्हणतात.

मी चौथीत असताना आजोळच्या वावरातून तिचा हातभर तुकडा तोडून आणला आणि इथं नागपूरच्या घरी ड्युरांटाच्या कुंपणावर टाकला. रंग आवडला होता, एवढंच. पावसाळाभर ती पसरत गेली. दुसऱ्या वर्षी कुंपणाचा तो कोपरा वाळून काड्या झाला. बाबांनी तो तोडताना मला जवळ बोलावून एक फांदी दाखवली. वेलीनं जिथं फांदीला वेढा घातला होता, तिथं तिच्या आतल्या अंगाला बारीक फोडांची रांग होती. पुढे मी वनस्पतीशास्त्र शिकले, शिकवलं, पण त्या फोडांचं नवल अजून ओसरलेलं नाही.

त्यांना चूषक मुळं म्हणतात. ती साल भेदून आत शिरतात आणि थेट झाडाच्या वाहिन्यांना जाऊन भिडतात. एका वाहिनीतून मुळांनी ओढलेलं पाणी वर चढतं, दुसरीतून पानांनी बनवलेली साखर झाडभर फिरते. अमरवेल दोन्हींना तोंड लावते. तिच्या अंगात हरितद्रव्य नसल्यातच जमा, त्यामुळे स्वतःचं अन्न स्वतः रांधायची सोयच नाही. खरं तर ती रताळ्याच्या कुळातली, आपल्या नाल्याकाठच्या बेशरमच्याही नात्यातली. ती सगळी भावंडं हिरवीगार पानं घेऊन उन्हात उभी आहेत. हिनं मात्र पानं सोडली, मुळं सोडली.

पण जन्म तिचाही मातीतच होतो. बी रुजलं की दोऱ्यासारखा एक कोंब वर येतो. त्याच्याजवळ जेमतेम आठवड्याभराची शिदोरी असते. तेवढ्यात आधार सापडला नाही तर तो मरतो. मग तो शोधतो कसा? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006 साली दाखवून दिलं की हा कोंब वासावर जातो. टोमॅटोचं रोप जवळ ठेवलं तर तो तिकडे झुकतो. रोप काढून घेऊन नुसता त्याचा वास ठेवला, तरी झुकतो. शेजारी गहू आणि टोमॅटो दोन्ही असले, तर टोमॅटोकडे वळतो. नाक नसलेला, डोळे नसलेला एवढासा धागा निवड करतो! पहिला वेढा पक्का बसला की खालचा भाग वाळून जातो आणि मातीशी नातं कायमचं तुटतं.

फुलायचं कधी, हेही ती यजमान झाडाकडूनच घेते. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी 2020 साली तिच्या एका जातीत पाहिलं, की यजमान झाडात फुलण्याचा संदेश तयार झाला की तो वेलीतही पोचतो, आणि दोघं बरोबरच फुलतात. झाड वाळून जायच्या आत बी धरायचं, हा हिशेब त्यात साधतो.

बांडगुळाला आपण याच माळेत ओवतो, आणि आयतं खाणाऱ्या माणसालाही तेच नाव देतो. मला ते पटत नाही. आंब्यावर, मोहावर दिसणाऱ्या बांडगुळाला स्वतःची हिरवी पानं असतात, ते अन्न स्वतः बनवतं. झाडाकडून घेतं ते मुख्यतः पाणी आणि क्षार. त्याची चिकट बी फुलटोच्या पक्षी फांदीवर आणून चिकटवतो, आणि हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या त्याच्याच पानांवर वाढतात. आंब्यावर फार माजलं तर फांदी छाटावीच लागते, पण जंगलातलं बांडगूळ दिसलं की तोडायला धावू नये.

अमरवेलीचं मात्र तसं नाही. ती वावरात शिरली तर तूर, जवस, लसूणघास यांना सोडत नाही. तिचं बी मातीत दहा-दहा वर्षं टिकून राहतं. जनावरांच्या पोटातून न पचता बाहेर पडतं, म्हणून अर्धवट कुजलेलं शेणखत वावरात नेऊ नका. लसूणघासाचं बी घेताना चाळून घ्या, दोघांचे दाणे जवळपास सारखेच दिसतात.

आणि हेच दिवस कामाचे आहेत. वेलीवर आता पांढऱ्या घंटांसारखी बारीक फुलं येतात. बी धरायच्या आत तिला काढा. नुसती ओरबाडू नका, फांदीत रुतलेल्या चूषक मुळांतून ती पुन्हा फुटते. वेढ्याच्या खाली, निरोग्या भागात फांदी कापा. आणि कापलेला प्रत्येक तुकडा, बोटभर का असेना, घमेल्यात गोळा करून कडक उन्हात वाळवा आणि जाळा. धुऱ्यावर टाकून येऊ नका. तिथून तो एखाद्या लेकराच्या हाती लागतो, आणि त्यालाही तो रंग आवडतो.