जर्नीज एंड: खंदकातले पाच अधिकारी

१८ मार्च १९१८ची संध्याकाळ. पहिलं महायुद्ध, उत्तर फ्रान्समधल्या सेंट क्वेंटिनसमोरची ब्रिटिश आघाडी. खंदकाखाली खोदलेली एक कोंदट खोली, मेणबत्त्यांचा उजेड आणि पाच अधिकारी. आर. सी. शेरिफ यांचं ‘जर्नीज एंड’ हे नाटक या खोलीतून एकदाही बाहेर पडत नाही.

कंपनीचा, म्हणजे सैन्याच्या एका तुकडीचा, प्रमुख कॅप्टन स्टॅनहोप. अठराव्या वर्षी शाळेतून थेट आघाडीवर आलेला. जवळजवळ तीन वर्षं झाली, छातीवर मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक आहे, आणि व्हिस्कीशिवाय त्याला खंदकाची पायरी चढवत नाही. त्याचा दुय्यम ऑसबर्न पंचेचाळिशीचा. पेशानं शिक्षक, एकेकाळी इंग्लंडकडून रग्बी खेळलेला. सगळे त्याला ‘अंकल’ म्हणतात. नवखा रॅली स्टॅनहोपच्याच शाळेतला. जनरल असलेल्या काकांकडे शब्द टाकून याच कंपनीत आलाय. हिबर्टला भीतीनं पोखरलंय.

आणि ट्रॉटर. आधी साधा सैनिक, मग बढती मिळून अधिकारी झालेला. खाण्यावर प्रेम करणारा, बागेच्या आठवणीत रमणारा. आघाडीवर सहा दिवस काढायचे, म्हणून त्यानं कागदावर १४४ वर्तुळं काढलीत. तास सरला की एक वर्तुळ काळं करायचं.

ट्रॉटरकडे नीट बघा, कारण त्याच्यामागे शेरिफ यांचा स्वतःचा अनुभव आहे. १९१४ मध्ये विमा कंपनीतले हे तरुण कारकून अधिकारी व्हायला गेले. प्रश्न आला, शाळा कोणती? किंग्स्टन ग्रामर स्कूल हे नाव सैन्याच्या यादीतल्या पब्लिक स्कूलांमध्ये, म्हणजे इंग्लंडमधल्या उच्चभ्रू खासगी शाळांमध्ये, नव्हतं. परत पाठवलं. पुढे अशा शाळांतून आलेले तरुण अधिकारी एवढे मारले गेले, की तीच दारं इतरांसाठी उघडावी लागली. शेरिफ ईस्ट सरे रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले आणि १९१७ मध्ये पाशेंडेलच्या लढाईत जखमी झाले.

डिसेंबर १९२८ मध्ये लंडनच्या अपोलो थिएटरात पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक जेम्स व्हेल स्वतः वूस्टरशर रेजिमेंटमधले माजी अधिकारी. १९१७ मध्ये जर्मनांचे युद्धकैदी झालेले. स्टॅनहोपच्या भूमिकेत होते लॉरेन्स ऑलिव्हिए, वय वर्षं २१. म्हणजे स्टॅनहोपच्याच वयाचे! त्या वयात एक मुलगा वर्षभर कंपनी सांभाळतोय, हे प्रेक्षक डोळ्यांनी बघत होते.

शत्रूच्या खंदकावरच्या छाप्यात ऑसबर्न मारला जातो. निघण्याआधी त्यानं टेबलावर काढून ठेवलेली अंगठी तशीच राहते. आता कंपनीत दुसरा क्रमांक कुणाचा? स्टॅनहोप ती जागा ट्रॉटरला देतो. ज्याला कुणी शाळा विचारली असती तर तो दारातच अडला असता, त्या ट्रॉटरला.

२१ मार्चच्या पहाटे जर्मन तोफा सुरू होतात. ट्रॉटरच्या सहा दिवसांतले निम्मेही अजून संपलेले नसतात.